मराठी मंडळांना खुले पत्र: वीज जाणार हे घरातल्या आजी-आजोबांना कोण सांगणार?

प्रति,
कॅलिफोर्नियातल्या सर्व मराठी मंडळांच्या कार्यकारिणीस,

सप्रेम नमस्कार.

गणपतीचा हॉल, दिवाळी कार्यक्रमाची तिकिटं, एकांकिकांच्या तालमी यांत तुम्ही बुडालेले असणार, तेव्हा थेट मुद्द्यावर येते. उन्हाळा संपत आला आणि जोराचा कोरडा वारा सुटला की इथल्या वीज कंपन्या वणवा पेटू नये म्हणून काही भागांची वीज मुद्दाम बंद करतात. 'पब्लिक सेफ्टी पॉवर शटऑफ', म्हणजे पीएसपीएस, हे नाव आता कुणाला नवं नाही. त्याची सूचना आधी येते. पण ती येते ज्याच्या नावावर बिल आहे त्याच्या फोनवर. तो असतो ऑफिसात, कधी तर दुसऱ्या राज्यात कामाला गेलेला. घरी असतात त्याचे आईवडील, पुण्याहून नाहीतर नाशिकहून पाच-सहा महिन्यांसाठी आलेले. त्यांच्या फोनवर काहीही येत नाही.

ही फट वीज कंपनीला दिसतही नाही. घरात कोण पाहुणे आहेत, कोणाला ऐकू कमी येतं, कोणाला इंग्रजी फोन उचलायचीच भीती वाटते, हे तिला कसं कळणार? तुम्हाला मात्र ते माहीत असतं. कार्यक्रमाला पहिल्या रांगेत ज्येष्ठांच्या खुर्च्या मांडताना तुम्ही त्यांना नावानिशी ओळखता. म्हणून हे पत्र कंपनीला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

आधी एक योगायोग सांगते, कारण तो योगायोग दर वर्षी होणार आहे. मे महिन्याच्या सुमारास इथला पाऊस थांबतो, टेकड्यांवरचं गवत पिवळं पडतं, आणि पुढचा चांगला पाऊस होईपर्यंत सगळं वाळत जातं. नेमकं सगळं असं वाळलेलं असताना, ऑक्टोबरच्या आसपास, आतल्या वाळवंटी पठाराकडून समुद्राकडे कोरडे वारे सुटतात. उत्तरेत त्यांना डियाब्लो म्हणतात, दक्षिणेत सांता ॲना. आपली दिवाळी बरोबर या दिवसांत येते. २०१८ साली लक्ष्मीपूजन ७ नोव्हेंबरला होतं. दुसऱ्या दिवशी, पाडव्याच्या सकाळी, उत्तरेतल्या ब्यूट काउंटीत (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) पीजीअँडई या वीज कंपनीच्या एका जुन्या उच्चदाब लाइनवरचा झिजलेला हूक तुटला आणि 'कॅम्प फायर' नावाचा वणवा पेटला. पॅराडाइज हे गाव जवळजवळ पूर्ण जळालं, ८५ माणसं गेली, १८ हजारांहून जास्त इमारती गेल्या. पुढे जून २०२० मध्ये कंपनीने सदोष मनुष्यवधाचे ८४ गुन्हे न्यायालयात कबूल केले.

त्याच्या पुढच्या वर्षी लक्ष्मीपूजन रविवारी, २७ ऑक्टोबरला होतं. आदल्या संध्याकाळपासून पीजीअँडईने वीज बंद करायला सुरुवात केली, आणि तोपर्यंतचा सगळ्यात मोठा बंद ठरला तो. नऊ लाखांहून अधिक ग्राहक. ग्राहक म्हणजे मीटर. माणसं मोजली तर वीस लाखांच्या कितीतरी वर. त्याआधी, ९ ऑक्टोबरला, सात लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली होती आणि आपला भाग यादीत आहे का हे बघायला सगळे एकदम धावल्यामुळे कंपनीची वेबसाइटच कोसळली होती. दिवाळीच्या त्या बंदात मरीन काउंटीतले निम्म्याहून अधिक मोबाइल टॉवर बंद पडले. वीज जाते तेव्हा एकटी जात नाही.

२०१९ नंतर हे बंद लहान होत गेले हेही सांगायला हवं. वाऱ्याचा वेग मोजणारी केंद्रं वाढली, लाइनीवर मधे मधे खटके बसले, त्यामुळे आता अख्ख्या काउंटीऐवजी एखादी दरी किंवा टेकडीचा एक उतार तोडता येतो. फ्रीमाँट, सनीवेलच्या सपाटीवर राहणाऱ्यांना म्हणूनच हा प्रश्न दुसऱ्यांचा वाटतो. पण सॅन रॅमोन, डॅनव्हिल, साराटोगा, लॉस गॅटोस, एल डोराडो हिल्स इथल्या उतारांवर आपली घरं कमी आहेत का? आणि वीज कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या युटिलिटीज कमिशनचा आगीच्या धोक्याचा नकाशा सगळ्यांना खुला आहे. त्यात टियर २ (जास्त धोका) आणि टियर ३ (अतिशय धोका) असे पट्टे दाखवलेत. घराचा पत्ता टाका, आपण कुठे आहोत ते एका मिनिटात कळतं.

आईवडिलांना हे सांगायला गेलं की ठरलेलं उत्तर मिळतं: "अगं, आम्ही भारनियमनात आयुष्य काढलंय!" खरं आहे ते, आणि त्या पिढीच्या सोशिकपणाबद्दल मला आदरच आहे. पण भारनियमनाचं वेळापत्रक असायचं. चार तास, सहा तास, खेड्यात त्याहून जास्त, पण वीज कधी येणार हे ठाऊक असायचं आणि घर विजेशिवाय चालायला शिकलेलं असायचं. इथे वारा पडल्याशिवाय वीज येत नाही. वारा पडल्यावरही लगेच नाही, कारण प्रत्येक लाइन माणसांनी पायी, गाडीतून किंवा हेलिकॉप्टरमधून डोळ्यांनी तपासावी लागते. कुठे फांदी पडली असेल आणि तशीच वीज सोडली, तर जी आग टाळायची तीच लागेल. तपासणीला उजेड हवा, म्हणजे संध्याकाळी वारा पडला तर काम सकाळी सुरू. हवा निवळल्यापासून २४ तासांच्या आत वीज परत आणायची असा दंडक आहे. त्यात वाऱ्याचे तास मिळवा, म्हणजे दोन दिवस सहज होतात. आणि घर? शेगडी इंडक्शनची, दाराचं कुलूप फोनवर चालणारं, गॅरेजचं दार मोटरवर.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी एकाही सरकारी पत्रकात मला सापडली नाही. आपल्याकडे आलेल्या किती ज्येष्ठांच्या फोनमध्ये इथलं सिम असतं? बऱ्याच जणांचा फोन भारतातला असतो आणि तो फक्त घरच्या वाय-फायवर चालतो. व्हॉट्सॲपवर सगळं होतं, मग सिम कशाला, असा आपला हिशेब. वीज गेली की राउटर बंद, आणि राउटर बंद झाला की तो फोन म्हणजे नातवंडांच्या फोटोंचा अल्बम. मुलाला फोन लागत नाही, आणीबाणीचा ९११ कसा लावायचा ते कुणी सांगितलेलं नसतं, शेजाऱ्यांशी ओळख नसते. काउंटीने जवळच्या टॉवरवरून स्थलांतराचा इशारा पाठवलाच तर तोही इंग्रजीत किंवा स्पॅनिशमध्ये. विमानतळावरून आईवडिलांना आणतानाच एक साधं प्रीपेड सिम घेऊन त्यांच्या फोनमध्ये घालायचं, एवढं जरी प्रत्येक मंडळाने आपल्या सभासदांच्या गळी उतरवलं तरी निम्मं काम झालं असं मी म्हणेन.

उरलेलं निम्मं काम गणेशोत्सवात एका टेबलावर होण्यासारखं आहे. नाहीतरी हॉलच्या दारात कुपनांचं टेबल असतंच. त्याच्या शेजारी अजून एक लावा. तिथे दोन लॅपटॉप आणि दोन तरुण मुलं बसवा. आपल्या हायस्कूलच्या मुलांना समाजसेवेचे तास हवेच असतात. आलेल्या प्रत्येक कुटुंबाला ज्येष्ठांचा इथला नंबर विचारायचा आणि घराच्या पत्त्यावरच्या सूचना त्या नंबरावर सुरू करून द्यायच्या. पीजीअँडई आणि दक्षिणेतली वीज कंपनी एडिसन, दोघांकडेही ही सोय आहे: बिल आपल्या नावावर नसलं तरी एखाद्या पत्त्याच्या सूचना मागता येतात. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनाही ती उपयोगी आहे, कारण तिथे कधी कधी मीटर घरमालकाच्या नावावर असतो. पीजीअँडईच्या सूचनांसाठी हिंदी निवडता येते. मराठी नाही, पण इंग्रजी यंत्राच्या आवाजापेक्षा आजींना हिंदी नक्कीच कळेल. सर्वसाधारणपणे पहिली सूचना दोन दिवस आधी, मग एक दिवस आधी, आणि तोडण्यापूर्वी १ ते ४ तास येते. हवेने रंग बदलला तर मधल्या पायऱ्या गळतात, हेही सांगून ठेवा.

त्याच टेबलावर मेडिकल बेसलाइनचा अर्ज ठेवा. घरात कायम राहणाऱ्या कुणाला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, सीपॅप (झोपेत श्वासाला मदत करणारं यंत्र), घरचं डायलिसिस अशी विजेवरची यंत्रं लागत असतील तर डॉक्टरच्या सहीने हा अर्ज भरता येतो. बिलात स्वस्त दराची वीज जास्त मिळते म्हणून लोक तो भरतात. मला त्यातला दुसरा फायदा मोठा वाटतो. या यादीतल्या घराने सूचनेला प्रतिसाद दिला नाही तर कंपनी पुन्हा पुन्हा संपर्क करते आणि शेवटी दारावर माणूस पाठवते. आता गंमत बघा: परक्या माणसाला दार उघडायचं नाही हे आपणच आईवडिलांना दहादा बजावलेलं असतं. तो बिचारा बेल वाजवून दाराला चिठ्ठी अडकवून जाणार आणि हे आतून श्वास रोखून बघणार. तेव्हा अर्ज भरताना घरच्यांना हेही समजावून सांगा. आणि एक गैरसमज इथेच मोडा. या यादीत नाव असलं म्हणून वीज तोडली जात नाही असं अजिबात नाही. यंत्राला पुरेल अशी बॅटरी किंवा जायला दुसरं घर ही सोय आपली आपण करायची असते. २११ या मदतीच्या नंबरावर फोन केला तर बॅटरी, वाहन, हॉटेल यांबाबत मदत कुठे मिळेल ते सांगतात आणि दुभाषाही देतात.

तिसरी गोष्ट मंडळाने स्वतःच्या घरात करायची आहे. ज्यांची इच्छा असेल त्यांच्याकडून एक यादी घ्या: दिवसा एकटे असणारे ज्येष्ठ, त्यांचा पत्ता, औषधं, आणि दहा मिनिटांत गाडीने पोचू शकेल असं एक मराठी कुटुंब. ती यादी कार्यकारिणीतल्या तीन-चार जणांपलीकडे कुणाला दाखवू नका, ग्रुपवर तर मुळीच टाकू नका, आणि वर्ष संपलं की फाडून टाका. रेड फ्लॅग वॉर्निंग (हवामान खात्याचा वणव्याच्या धोक्याचा इशारा) लागली की यादीतल्या प्रत्येक घरी एक फोन जायला हवा, शक्यतो समोरासमोर भेट. एवढ्याने कामाचा डोंगर होत नाही. पाहुण्यांना विमानतळावरून कोण आणणार याचं वाटप तुम्ही संमेलनाच्या वेळी लीलया करता, त्याहून हे सोपं आहे.

फ्रिजवर लावायला मराठीत अर्ध्या पानाचा कागद हवा. त्यात काय असावं याबद्दल माझी मतं ठाम आहेत. फ्रिज उघडला नाही तर आतलं अन्न ४ तास चालतं. फ्रीझर गच्च भरलेला असेल तर ४८ तास, अर्धा असेल तर २४. दार उघडून "बघू किती गार आहे" असं करायचं नाही, हे मोठ्या अक्षरात लिहा, कारण तो मोह आपल्या लोकांना फार. टाकून द्यायचं आपल्या हातून होत नाही, म्हणून हेही लिहा की ४ अंश सेल्सियसच्या वर दोन तासांहून जास्त राहिलेलं दूध, दही, भाजी, उसळ फेकायची. वास घेऊन ठरवायचं नाही. (या बाबतीत दिवाळीचा फराळ हे आदर्श अन्न आहे. चिवडा, चकली, लाडू यांना फ्रिज लागतच नाही.) इन्सुलिनची धास्ती घेऊ नये: १५ ते ३० अंशांच्या दरम्यान ते २८ दिवसांपर्यंत फ्रिजबाहेर चालतं. मात्र ते उन्हात किंवा गाडीत ठेवू नये, आणि बर्फाला चिकटून गोठूही देऊ नये. गॅरेजच्या दाराला आतून लाल दोरी असते, ती ओढली की दार हाताने उचलता येतं. दिवसाउजेडी एकदा सगळ्यांकडून करून घ्या. २०१७ च्या आगींत लोक दार न उघडल्यामुळे गॅरेजमध्ये अडकले, त्यानंतर कायदा आला आणि १ जुलै २०१९ पासून नव्या ओपनरला बॅटरी असणं सक्तीचं झालं. पण आपल्यापैकी अनेकांचे ओपनर त्याआधीचे आहेत. उजेडासाठी टॉर्च. समई, पणत्या, मेणबत्त्या त्या रात्री नकोत. बाहेर ताशी पन्नास मैलांचा वारा आहे म्हणूनच तर वीज तोडली आहे.

जनरेटरबद्दल एकच सांगते. घरापासून, दारा-खिडक्यांपासून किमान २० फूट लांब, उघड्यावर. गॅरेजमध्ये नाही, दार अर्धं उघडं ठेवूनही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि घराच्या प्लगमध्ये उलटी वायर घालून अख्खं घर चालवायची हुशारी कुणी करत असेल तर लाइन दुरुस्त करणाऱ्याचा जीव तो धोक्यात घालतो आहे.

सोलरवाल्यांसाठी वेगळा परिच्छेद लागतो, कारण आपल्या समाजात ते पुष्कळ आहेत आणि निर्धास्त आहेत. छतावर पॅनेल आहेत म्हणजे वीज जाणार नाही, ही समजूत बॅटरी नसलेल्या बहुतेक घरांत खोटी ठरते. ग्रिड, म्हणजे बाहेरून येणारी वीज, गेली की पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. तो तसा बनवलेलाच आहे, म्हणजे तुमच्या पॅनेलची वीज मृत समजल्या गेलेल्या तारेत शिरणार नाही. ऑक्टोबरच्या लख्ख उन्हात, डोक्यावर वीस पॅनेल असताना, घरात अंधार. बॅटरी असेल तर रेड फ्लॅगच्या आदल्या दिवशी ती पूर्ण भरून ठेवण्याचं सेटिंग एकदा तपासा. इलेक्ट्रिक गाडीचंही तेच: सूचना आली की त्याच रात्री चार्ज करा, दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावातल्या चार्जरवर रांग असते.

या सगळ्यात एक अपवाद आहे, आणि त्याच्यामुळे तुमच्याकडे दरवर्षी "आम्हाला तर सूचना आलीच नाही" अशा तक्रारी येणार. २०२१ पासून पीजीअँडईने आगीच्या मोसमात धोक्याच्या भागातल्या लाइनी जास्त हळव्या केल्या आहेत. फांदी लागली, खार चढली, की सेकंदाच्या दहाव्या भागात वीज जाते. त्याची पूर्वसूचना नसतेच, असू शकत नाही. बहुधा काही तासांत परत येते. पीएसपीएस वेगळा, ही वेगळी, आणि ऑगस्ट २०२० मध्ये उष्णतेच्या लाटेत मागणी पुरवता न आल्याने आळीपाळीने वीज घालवली होती ती आणखी वेगळी. कारण कुठलंही असो, हिवाळ्यातल्या वादळात खांब पडो, फ्रिजवरचा कागद तोच चालतो.

दक्षिणेतल्या मंडळांना थोडं वेगळं सांगायला हवं. ही पद्धत मुळात तुमच्याकडेच सुरू झाली: २००७ च्या आगींनंतर सॅन डिएगोच्या वीज कंपनीने ती आणली, आणि २०१८ मध्ये कमिशनने तिचे नियम राज्यातल्या सगळ्या मोठ्या खासगी कंपन्यांना लागू केले. सांता ॲनाचा मोसम दिवाळीनंतरही संपत नाही. लॉस एंजेलिस परिसरातल्या पॅलिसेड्स आणि ईटन या दोन्ही आगी ७ जानेवारी २०२५ ला लागल्या. तेव्हा एडिसनकडे अशी वीज बंद करण्याची योजना होती, लॉस एंजेलिस शहराच्या स्वतःच्या वीज खात्याकडे नव्हती. तेव्हा सभासदांना आधी बिलावरचं नाव वाचायला सांगा. आपल्याकडे उत्तरेतही सांता क्लारा आणि पालो अल्टो यांची वीज शहराची स्वतःची आहे.

आता कार्यक्रमांचं. दिवाळीचा हॉल टेकडीवरच्या शाळेचा असेल तर करारात रेड फ्लॅगचं कलम घाला, आणि रद्द करायचं कधी हे आधीच ठरवा. ऐन वेळी "बघू, शोभा व्हायला नको" म्हणत पाचशे माणसं अरुंद रस्त्याने वर चढवायची, सिग्नल बंद, प्रत्येक चौकात थांबून पुढे जायचं, आणि त्याच रस्त्याने खाली यायची वेळ आली तर? २०१९ च्या त्याच आठवड्यात सोनोमात किनकेड फायर चालू होती. तिथल्या गावांच्या छोट्या लाइनी बंद केल्या होत्या, पण उच्चदाब लाइन चालू राहिली आणि आग तिच्यापासूनच लागली. वीज तोडली म्हणजे आग लागणार नाही असा अर्थ कुणी काढू नये. वीज गेली की घर सोडायची तयारी अर्धी झालेली असावी: आईवडिलांचे पासपोर्ट, परतीचं तिकीट, विम्याचे कागद, औषधांची मूळ नावांची यादी एका पिशवीत, आणि काउंटीच्या नकाशावरचा आपला स्थलांतर झोन पाठ.

कंपन्यांवर राग असणाऱ्यांची पत्रं मला येतील हे ठाऊक आहे. वर्षानुवर्षं तारांची निगा राखली नाही आणि आता आम्ही अंधारात बसायचं, फ्रिजमधलं अन्न फुकट गेलं तर भरपाईही सहसा नाही! राग रास्त आहे. २०१९ च्या पहिल्या बंदानंतर गव्हर्नरांनी जोर लावला म्हणून घरगुती ग्राहकांना १०० डॉलर मिळाले, एरवी तेही नाही. पण तो राग काढायची जागा कमिशनच्या सुनावण्या आहेत, त्या लोकांसाठी खुल्या असतात आणि तिथे आपली माणसं दिसत नाहीत. मंडळाने दोन माणसं पाठवली आणि सूचना मराठीतही द्या अशी मागणी नोंदवली तर मला आनंदच होईल. मंडळाच्या ग्रुपवर "उद्यापासून सात दिवस वीज नाही" असे कुठून तरी आलेले मेसेज पुढे ढकलणं मात्र थांबवा. ॲडमिननी कंपनीच्या किंवा काउंटीच्या पानाशिवाय दुसरं काही येऊ देऊ नये.

कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, ही विनंती. फ्रिजवरच्या कागदाचा मराठी मसुदा मी तयार केला आहे, मागाल त्याला पाठवते. आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात टेबलावर बसायला मी आहेच. अजून दोन माणसं तुम्ही द्या, त्यातलं एक हिंदी फोन-मेनू न कंटाळता ऐकणारं असू द्या.

आपली,
मंडळाची एक जुनी सभासद